लॉकडाऊनमध्ये वस्तीतली पोरं तगली कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (धारावी, २०२०-२१)

मी धारावीचा. २०२० ला टीवायबीकॉमला होतो, वय २१. लॉकडाऊनमध्ये मंडळाच्या पोरांबरोबर रेशनचे किट वाटले, फिव्हर कॅम्पला लाइन लावायचं काम केलं, आणि तेव्हापासून एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्य शिकणारे विद्यार्थी, पत्रकार, संस्थावाले आणि आमच्याच गल्लीतली आता कॉलेजला गेलेली पोरं असे सगळे मला तेच तेच प्रश्न पाठवतात. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही.

१. रेझिलियन्स म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणायचं, लवचिकता का?

पुस्तकात लवचिकता लिहितात, पण आमच्या गल्लीत कोणाला लवचिक म्हटलं तर त्याला वाटेल योगासनांचं चाललंय. आम्ही म्हणतो तग धरला. पावसात पत्रा तग धरतो, ताडपत्री तग धरते. मला हा शब्द आवडतो कारण तो ऐकला की लगेच पुढचं विचारावंसं वाटतं, कशाच्या जोरावर? पत्रा उडाला नाही तर तो खालच्या वाशामुळे आणि वर ठेवलेल्या टायर-विटांमुळे. रेझिलियन्सवर भाषण देणारे बरेच लोक पत्र्याचं कौतुक करतात आणि वासा कोणी बघत नाही, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, खाली तेच वेगवेगळ्या प्रश्नांत परत परत येईल, सांभाळून घ्या.

२. धारावीबद्दल बेसिक माहिती द्या ना, प्रोजेक्टला लागते.

जागा जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटर. लोकसंख्या महापालिका तेव्हा साडेआठ लाख धरायची, बाकीचे कोणी साडेसहा सांगतात, कोणी दहा. जी-नॉर्थ वॉर्ड, म्हणजे दादर-माहीमच्याच वॉर्डात आम्ही. कोरोनाचा पहिला पेशंट १ एप्रिल २०२० ला सापडला. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचं उदाहरण म्हणून इटली, स्पेन, दक्षिण कोरियाच्या बरोबरीने धारावीचं नाव घेतलं आणि त्या दिवशी माझ्या व्हॉट्सॲपवर चाळीस जणांनी तोच व्हिडिओ पाठवला. २५ डिसेंबर २०२० ला पहिल्यांदा दिवसभरात एकही नवीन केस नाही. साथ आवरायच्या या पद्धतीला लोक "धारावी मॉडेल" म्हणायला लागले, ते मॉडेल कोणाचं, ते ९ मध्ये.

३. तरुणांचाच वेगळा विषय कशाला? कोरोनाचा धोका तर म्हाताऱ्यांना जास्त होता.

आजाराचा धोका त्यांना जास्त होता, हे बरोबर. पण बाकीचा सगळा भार बघा कोणावर पडला. घरात साठीचे आजोबा असतील तर बाहेर कोण जाणार, पोरगा. सिलिंडर, पाणी, औषधं, बँकेची लाइन, सगळं अठरा ते पंचवीसच्या पोरापोरींवर. आणि त्याच वेळी त्याच पोरांचं कॉलेज बंद, पार्टटाइम नोकरी गेली, परीक्षा होणार का नाही माहीत नाही.

दुसरं म्हणजे सरकारी मदतीच्या याद्या काढून बघा. जनधन खातं असलेल्या बायांना तीन महिने पाचशे-पाचशे, नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांना पैसे, रेशन कार्डावर धान्य. वीस वर्षांचा पोरगा जो मोबाइलच्या दुकानात बसायचा, किंवा दहा जणांत एका गाळ्यात राहून पाकिटं शिवायचा, तो यातल्या कुठल्या रांगेत उभा राहणार? त्याच्यासाठी रांगच नव्हती.

४. पहिले दोन महिने घर चाललं कसं? खरं खरं सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्या घरात चौघं. पप्पा बॅगांच्या कारखान्यात कटिंगला, मम्मी माटुंग्याला चार घरची कामं करायची, मी, आणि बहीण बारावीची परीक्षा देऊन बसलेली. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला, थाळ्या वाजवल्या, लोकल बंद झाली आणि २५ पासून देश बंद. कारखान्यात पगार नसतो, दर आठवड्याला खर्ची मिळते आणि हिशोब सणाला होतो. शेठने दोन आठवडे खर्ची दिली, तिसऱ्या आठवड्यापासून फोन उचलायचा बंद. त्याच्यावर राग आहे पण माल त्याचाही अडकला होता हे पण खरं. मम्मीच्या चार घरांपैकी एका आजींनी पूर्ण पगार घरपोच पाठवला, तीन महिने. दोघींनी अर्धा दिला, चौथीने "आता तू येतच नाहीस ना" म्हणून नंबर ब्लॉक केला.

मग चाललं कशावर? किराणावाल्याच्या वहीवर. आमच्या गल्लीच्या तोंडाला दुकान आहे, त्याच्याकडे लाल पुठ्ठ्याची लांब वही, प्रत्येक घराचं एक पान, आणि एप्रिलच्या शेवटी आमचं पान भरून त्याने मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लिहायला घेतलं होतं, पेन्सिलने, म्हणाला पेनाने लिहिलं की मलाच टेन्शन येतं. त्या वहीने आम्हाला जगवलं, कुठल्या पॉझिटिव्ह थिंकिंगने नाही. दुसरं, मम्मीची भिशी. तिचा नंबर ऑगस्टमध्ये लागणार होता, बायांनी आपसात बोलून तिला मेमध्ये उचलू दिली. तिसरं, कानातलं गहाण. ते सोडवायला २०२२ उजाडलं.

शिवभोजन थाळी तेव्हा दहाची पाच रुपये केली होती, ती पण खाल्ली, लाज वगैरे काही वाटली नाही. वाटली, पहिल्या दिवशी.

५. पण रेशन तर सगळ्यांना फुकट होतं ना?

नाही. माणशी पाच किलो फुकट धान्य होतं ते अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब कार्डवाल्यांना. प्राधान्य कुटुंबात बसायला शहरात वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. मुंबईत पाच हजारात चार माणसं कशी राहतात ते ज्याने ठरवलं त्याला विचारा. बाकी केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये माणशी तीन किलो गहू आठ रुपयाने आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयाने दिले. आणि ज्याचं कार्ड गावाला आहे, किंवा सासूच्या नावावर आहे, किंवा लग्नानंतर नाव चढवायचं राहिलंय, तो गेला.

आम्ही मंडळाचे पोरं किट वाटायला जी यादी करायचो ती नेमकी या लोकांची. सुरुवातीला आम्ही पण चुका केल्या. पहिल्या दिवशी यादीच नव्हती, टेम्पो आला आणि जो पुढे तो घेऊन गेला, एका घरात तीन किट आणि समोरच्या गाळ्यातल्या बिहारी कारागिरांना एक पण नाही, कारण ते बाहेर यायलाच घाबरत होते. दुसऱ्या दिवशीपासून मुलींनी हातात वही घेतली, दारावर खडूने खूण, आणि भांडणं एकदम कमी झाली. कमी म्हणतोय, बंद नाही.

६. इतके लोक गावाला निघून गेले, ते हिंमत हरले आणि राहिले ते टफ, असं म्हणता येईल का?

अजिबात नाही, आणि प्लीज तुमच्या रिपोर्टमध्ये असं लिहू नका. ज्याच्या भाड्याचे पैसे संपले, खानावळ बंद झाली, संडास शंभर माणसांत एक, त्याने निघायचं ठरवलं तर ती अक्कल आहे. १ मेपासून श्रमिक स्पेशल, म्हणजे मजुरांना गावी सोडणाऱ्या ट्रेन सुरू झाल्या, पण त्याच्यासाठी पोलिस चौकीत फॉर्म, डॉक्टरचं सर्टिफिकेट, मग फोन कधी येईल त्याची वाट. तोपर्यंत लोक चालत निघाले होते. ८ मेला जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली गेले, त्या बातमीनंतर आमच्या समोरच्या गाळ्यात दोन दिवस कोणी जेवलं नाही, त्यातले दोघे दुसऱ्याच दिवशी चालत निघणार होते.

आपली मराठी पोरं पण गेली, कोकणात, साताऱ्याला. ई-पास काढून गेली आणि गावच्या वेशीवर आडवी झाडं टाकलेली. चौदा दिवस शाळेत क्वारंटाइन, चुलता लांबून डबा ठेवून जायचा. "मुंबईकर आला" हे आधी कौतुकाने म्हणायचे, त्या वर्षी शिवीसारखं म्हणत होते.

७. घरात एकच स्मार्टफोन असताना अभ्यास आणि परीक्षा कशा दिल्या?

बऱ्याच जणांनी नाही दिल्या, ते आधी लिहून घ्या.

आमची फायनल इयरची परीक्षा म्हणजे एक सर्कस होती. राज्य सरकार म्हणालं रद्द, यूजीसी, म्हणजे विद्यापीठांवरचा केंद्राचा आयोग, म्हणालं घ्यायचीच, २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं परीक्षेशिवाय डिग्री नाही, आणि ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन एमसीक्यू. एक तास. मी पोटमाळ्यावर बसलो तर रेंज नाही, खाली बसलो तर टीव्ही आणि शेजारच्यांची मिक्सर, म्हणून शिडीच्या चौथ्या पायरीवर बसून पेपर दिला, एका हाताने शिडी धरून. तिथेच दोन कांड्या यायच्या. पत्र्याखाली ऑक्टोबर हीट, फोन इतका तापला की मधेच स्क्रीन काळी झाली, बहिणीने ओल्या फडक्यात धरून दिला. पास झालो.

माझ्याबरोबरच्या सहा जणांपैकी दोघांनी लिंकच उघडली नाही. त्यातला एक अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार, पण त्या तासाला फोन त्याच्या भावाकडे होता आणि भाऊ डिलिव्हरीवर होता. फोन घरी ठेवला असता तर त्या दिवशीची कमाई गेली असती. आता यात रेझिलियन्स कोणाचा जास्त, त्याचा का माझा? मला अजून उत्तर नाही सापडलं.

८. मुलींचा अनुभव वेगळा होता का?

होता, आणि मी मुलगा आहे त्यामुळे हे बहिणीला विचारून लिहितोय. ती म्हणाली पहिलं लिही संडासचं. सार्वजनिक संडासला सकाळी खडूने गोल आखलेले, त्यात उभं राहायचं, आणि पोरी पहाटे साडेचारला जायच्या कारण सहानंतर पुरुषांची गर्दी. पॅड मेडिकलला मिळायचे पण घरातले सगळे पुरुष चोवीस तास घरात, एकशे वीस फुटांत, बदलणार कुठे.

दुसरं, काम. बारावीनंतर तिला कॉलेज हवं होतं, ती मास्क शिवायला बसली, एका मास्कमागे दीड रुपया. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं बघा किती धीराची मुलगी. ती म्हणते धीर नव्हता, मशीन होती.

तिसरं, लग्नं. ५० माणसांत लग्न करायची परवानगी आणि एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसं, दोन तासांत उरका. बापाला एवढ्या स्वस्तात मुलीचं लग्न परत कधी जमणार? तिच्या वर्गातल्या तिघींची त्या दीड वर्षात झाली. त्यातली एक आता कपडे शिवून घर चालवते आणि संस्थेच्या कार्यक्रमात तिचा सत्कार पण झाला, तिथे तिला कोणी विचारलं नाही की बाई तुला शिकायचं होतं का.

९. मग "धारावी मॉडेल" कोणाचं? महापालिकेचं का लोकांचं?

दोघांचं, आणि जो एकाचंच म्हणतो तो काहीतरी विकतोय. महापालिकेने पेशंटची वाट न बघता घरोघर जाऊन शोध घेतला, आमच्याच भागातल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं, फिव्हर कॅम्प लावले, संडास दिवसातून कितीदा तरी फवारले, शाळा आणि राजीव गांधी क्रीडा संकुल क्वारंटाइनला घेतलं. हे खरंच चांगलं काम होतं. पण डॉक्टर पीपीई घालून गल्लीत शिरला तर लोक आतून कडी लावायचे, ती कडी उघडायला आरोग्य सेविका आणि गल्लीतलंच पोरगं लागायचं, "ओ काकी, मी आहे, टेंपरेचर बघायचंय फक्त." माझं मुख्य काम हेच, काकींना हाक मारणं.

१०. सर्वेत वस्त्यांमधल्या ५७ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी सापडल्या होत्या. म्हणजे वस्तीतल्या पोरांची इम्युनिटीच स्ट्राँग, तोच रेझिलियन्स नाही का?

हा गैरसमज काही केल्या जात नाही. तो सर्वे जुलै २०२० चा, मुंबईतल्या तीन वॉर्डांचा, वस्त्यांत ५७ टक्के आणि बिल्डिंगमध्ये १६. अँटिबॉडी सापडली म्हणजे इन्फेक्शन होऊन गेलं. म्हणजे त्या वॉर्डांतल्या वस्त्यांत अर्ध्याहून जास्त लोकांना कोरोना लागून गेला होता आणि बिल्डिंगमध्ये सहातल्या एकाला. हे ताकदीचं सर्टिफिकेट नाही, गर्दीचं आहे. आमच्याकडे वय कमी म्हणून बरेच वाचले असतील, पण ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर "तुमची इम्युनिटी भारी" म्हणून बघा एकदा.

११. यावर संशोधन काय म्हणतं? थोडक्यात सांगा.

मी काही सायकॉलॉजीवाला नाही, पण एक अभ्यास मला फार पटला. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर १९५५ ला जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या गरिबीत, भांडणाच्या घरात वाढलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा व्यवस्थित मोठा झाला. त्यांच्यात समान काय, तर कोणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस, आईबापच असं नाही, आजी, मावशी, शेजारी, शिक्षक. मायकेल उंगार म्हणून कॅनडातला अभ्यासक आहे, तो सांगतो की रेझिलियन्स म्हणजे माणसाला हवी ती मदत मिळवता येणं आणि आजूबाजूच्यांनी ती द्यायला तयार असणं, दोन्ही. मला हे वाचून आधी किराणावाल्याची पेन्सिल आठवली (४ बघा).

१२. व्हॉलंटियर म्हणून काम केल्याने डिप्रेशन येत नाही, असं ऐकलंय. खरं का?

माझ्यापुरतं अर्धं खरं. मे महिन्यात जे पोरगं घरात पडून होतं ते जास्त चिडचिडं झालं आणि आम्ही जे यादी-टेम्पो-फोन यात होतो त्यांना रात्री झोप तरी लागायची. कोणाला तरी आपली गरज आहे हे वाटणं मोठी गोष्ट आहे.

पण काम संपल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ ला, दिवसभर बेड आणि ऑक्सिजनसाठी फोन करायचे, एका नंबरवरून दुसरा, तिथून तिसरा. तेव्हा आमच्यातला जो सगळ्यात खंबीर, ज्याला आम्ही कमिशनर म्हणायचो, तो जुलैनंतर कोसळला. फोनची रिंग वाजली की हात थरथरायचे. घरचे म्हणायचे नाटक करतोय, एवढं सगळं केलं तेव्हा काही नाही झालं आणि आता काय. असंच असतं, आग लागलेली असताना चटका कळत नाही. तो आता बरा आहे, सायनला डॉक्टरकडे जायचा, गोळ्या पण घेतल्या. तुमच्यापैकी कोणाला असं होत असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव नाही सांगितलं तरी चालतं.

१३. व्हॅक्सिनच्या वेळी तरुण का मागे राहिले? घाबरले का?

काही घाबरले, पण जास्त करून स्लॉट मिळाला नाही. १ मे २०२१ पासून १८ च्या पुढच्यांना सुरू झालं, पण कोविन ॲपवर बुकिंग आणि ॲप तेव्हा इंग्रजीत, स्लॉट उघडला की मिनिटात गायब. फास्ट नेट आणि लॅपटॉपवाला माणूस बिल्डिंगमधून गाडी काढून आमच्या सेंटरवर लस घेऊन जायचा आणि आमची पोरं बाहेर उभी राहून गेटवरची गर्दी आवरायची. मग १२ मेपासून राज्यात साठाच नाही म्हणून १८ ते ४४ चं थांबवलं. जूनमध्ये सगळ्यांना मोफत झालं तेव्हा कुठे जमलं. आणि लोकल परत मिळायला १५ ऑगस्टपासून दोन डोस लागायचे, म्हणजे ज्याला लस नाही त्याला ट्रेन नाही, ज्याला ट्रेन नाही त्याला नोकरी नाही.

१४. मला तुमच्या वस्तीत इंटरव्ह्यू घ्यायचेत. काय विचारू?

"तुम्हाला बळ कुठून मिळालं" हे विचारू नका, सगळे तुम्हाला हवं ते उत्तर देतील, आम्हाला प्रॅक्टिस झालीय. विचारा की उधारी किती झाली होती आणि कधी फिटली. मोबाइल कोणाचा होता. काय विकलं. कॉलेज सोडलं ते कोणाच्या सांगण्यावरून. आणि संध्याकाळी सातच्या आत या, नंतर पाणी येतं.

१५. दादा, मी त्या दोन वर्षांत काहीच केलं नाही, नुसता झोपून होतो, कॉलेज पण सुटलं. म्हणजे माझ्यात रेझिलियन्स नाही का?

हा मेसेज मला वेगवेगळ्या नंबरवरून कितीतरी वेळा आलाय, शब्द पण जवळपास तेच.

तू तेव्हा झोपून होतास कारण एकशे वीस फुटांत सहा माणसं होती आणि झोपलेलं माणूस सगळ्यात कमी जागा घेतं. हे मी गंमत म्हणून नाही सांगत, आमच्या घरी आम्ही खरंच पाळीपाळीने झोपायचो.

आणि ११ मध्ये जो अभ्यास सांगितला त्याचा पुढचा भाग ऐक. ज्या मुलांचं अठराव्या वर्षी सगळं बिघडलेलं होतं त्यातले बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत नीट मार्गी लागले. कोणाला परत शिकायला मिळालं, कोणाला सैन्यात नोकरी, कोणाला चांगला जोडीदार. संधी परत आली म्हणून. त्यामुळे तू आधी कॉलेजच्या ऑफिसमध्ये जाऊन विचार की तुझे जुने सेमिस्टर धरतात का. नाही म्हणाले तर मुक्त विद्यापीठ आहे. ७ मधला तो लिंक न उघडलेला मित्र तिथूनच बीकॉम करतोय, फोन आता त्याचा स्वतःचा आहे. फॉर्म भरायला माझ्याकडे ये, रविवारी दुपारी असतो मी मंडळात, मार्कशीटची झेरॉक्स आण, दोन कॉपी.